कोल्ह्याची शेपटी

"पुन्हा डाग," नुमाता सेन्सेई म्हणाल्या आणि त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

पडद्यावर गोन्ता कोल्हा बसला होता. कान, मिश्या, तिरका डोळा, सगळं जागच्या जागी. फक्त शेपटीच्या मुळाशी काळा गठ्ठा, कुणी चिखलात बुडवून काढल्यासारखा.

त्यांच्या मदतनीस वाकाकोने ब्रशची खिडकी उघडली. चार दिवसांतला हा एकोणिसावा ब्रश. सेन्सेईंचा सतरा वर्षांचा संगणक गेल्या आठवड्यात मेला आणि त्यातला चित्रं काढायचा प्रोग्रॅम नव्यावर चालेना. मग शेपटीचा तो कोरडा, फुटलेल्या केसांचा ब्रश दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून बनवणं आलं. एकातला ब्रश उचलून दुसऱ्यात ठेवता येत नाही. प्रत्येकाची शाई वेगळी, कागदाचा खरबरीतपणा वेगळा, आणि एकाच गोष्टीला दोघांकडे दोन नावं. वाकाकोने जुन्या पानांवरच्या शेपट्या मोठ्या करकरून केस न् केस मोजला होता. तिने काढलेली शेपटी जुन्या शेपटीवर ठेवली, तर सुईएवढाही फरक दिसत नव्हता.

तिने काढली तर. सेन्सेईंनी काढली की डाग.

"जरा कमी दाबून बघा ना," वाकाको म्हणाली.

"अगं, सव्वीस वर्षं हा कोल्हा मी याच हाताने काढतेय. सुरू केला तेव्हा तू दूध पीत होतीस."

"तेव्हा मी आठवीत होते, सेन्सेई."

"मग? शाळेत दूध देतात की."

फोन वाजला. मासिकाचे संपादक साकुमा. गोन्ताच्या चित्रकथेच्या शेवटच्या भागाची पानं उद्या दुपारी बाराला छापखान्यात हवी होती. "वाकाकोसान, शेपट्या तुम्हीच काढा ना," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मला कळेल," सेन्सेई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत शेपटी जमली नाही, तर शेवटचा भाग येणार नाही. वाचकांना सांगा, म्हातारीचा हात गेला."

साकुमा "अहो, तसं नव्हे, तसं नव्हे" म्हणत राहिले. वाकाकोने फोन बंद केला. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. ब्रशचा, प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा आणि खरं सांगायचं तर समोरच्या बाईंचाही. अकरा वर्षं या कोल्ह्यामागचं गवत, झाडं, देवळाच्या पायऱ्या तिने काढल्या होत्या. आणि आता सगळं एका शेपटीवाचून अडणार?

"घ्या, विसावा ब्रश," ती म्हणाली.

सेन्सेईंनी पेन टेकवलं. या वेळी वाकाकोने पडद्याकडे बघितलंच नाही. त्या डागाचं तोंड बघायची तिची इच्छा नव्हती. ती सेन्सेईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

पेन टेकलं होतं, पण हात हलत नव्हता. ओठ हलत होते.

त्या काय पुटपुटल्या ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. जुना संगणक टेबलाखाली बसून दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. पेन टेकवल्यावर रेष उमटायला त्याला वेळ लागायचा. तेवढ्यात सेन्सेई त्याला म्हणायच्या, "चल रे म्हाताऱ्या," आणि मग हात ओढायच्या. रोज, शेपटीच्या एकेका केसाला. नव्या संगणकाशी चार दिवसांत त्या मोठ्याने एक शब्द बोलल्या नव्हत्या. पण हात अजून तेवढाच थांबत होता, आणि थांबलेल्या हाताची बोटं थरथरत होती. नवा संगणक इतका चपळ की तीही थरथर इमानेइतबारे टिपून घेत होता.

"पुन्हा डाग." या वेळी सेन्सेईंचा आवाज चढला नाही. त्यांनी पेन पेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण लावलं.

"एक मिनिट, सेन्सेई. एकच."

नव्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती, नवशिक्यांच्या थरथरत्या हातासाठी. ती चालू केली की रेष पेनाच्या मागून सावकाश येते आणि मधली थरथर गाळून टाकते. मुरलेले चित्रकार सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. वाकाकोनेही पहिल्याच दिवशी ती शून्यावर नेऊन ठेवली होती आणि वर "बघा, कसं सुसाट चालतंय!" म्हणून मिरवलं होतं. आता तिने ती शंभरावर नेली. स्वतः एक रेष ओढून पाहिली. रेष मागून रखडत आली. या ब्रशने तिला गवताची काडीसुद्धा काढता आली नसती.

"काय केलंस?"

"काही नाही. शाई जरा पातळ केली."

सेन्सेईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं, पेटी उघडली आणि पेन टेकवलं. रेष आली नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"एवढं महागाचं यंत्र," त्या म्हणाल्या, "आणि हेही मेलं रखडतंय!"



सेन्सेईंनी खुर्ची पुढे ओढली. टेबलाखालच्या नव्याकोऱ्या खोक्याला पायाने हलकेच ढोसलं.

"चल रे म्हाताऱ्या," त्या म्हणाल्या, आणि हात ओढला.