पंपाचा फ्यूज

"सेल्फ तर व्यवस्थित मारतोय," बॉनेटमध्ये डोकं खुपसून हे म्हणाले. "फिरव बघू परत किल्ली."

मी फिरवली. आमची पंचवीस वर्षांची गाडी नुसतीच घरघरली. ह्यांनी एक प्लग काढून पाहिला, तर ठिणगी झकास पडत होती. "म्हणजे पेट्रोलच येत नाहीये," असं पुटपुटत त्यांनी मागच्या सीटला, जिच्याखाली पेट्रोलचा पंप असतो, कान लावला आणि मला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. "अगं, पंपाचा आवाजच नाही!"

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून आठ महिने हे खुर्चीतच बसून होते. विचारलं तेवढंच बोलायचे. आज मात्र बनियनला ग्रीस लागलं होतं, चहा दोनदा गार झाला होता आणि मधूनच शीळ ऐकू येत होती.

शेवटी त्यांनी फ्यूजचा डबा उघडला. एक खाच रिकामी होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी आरशात बघून टिकली नीट करायला लागले.

त्यांनी हात पुढे केला. मी पदराची गाठ सोडून फ्यूज त्यांच्या काळ्या तळहातावर ठेवला. तीस वर्षं ह्यांच्या हातात पाने देत आलेय. पंपाचा फ्यूज कुठला, एवढं मलाही कळतं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली.

हे हात पुसत खिडकीशी आले.

"फ्यूज फारच सोपा झाला," म्हणाले. "पुढच्या रविवारी जरा अवघड काहीतरी कर."