टाऊसरांची परीक्षा

"बाबा, आजच्या दिवस फक्त पाय म्हणा," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. "तीन पूर्णांक चौदा शतांश. एवढं एकदा म्हणा आणि मोकळे व्हा."

बाबा काहीच बोलले नाहीत. विसरभोळेपणाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, बाकावर, मांडीवर हात ठेवून ते बसले होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पलीकडे थोरला येरझारा घालत होता. वृद्धाश्रमातली खोली त्याने बोलून ठेवली होती. बाबा घरी राहू शकतात असं डॉक्टर म्हणाले, तरच तो ती सोडणार होता. "तू दिवसभर कामावर. हे गॅस चालू ठेवून फिरायला जातात. उद्या काही झालं तर?" असं तो विचारायचा, आणि त्याचं काही खोटं नव्हतं. पण बाबांना त्या परक्या खोलीत सोडून यायला धाकटी तयार नव्हती.

तारीख, वार, घड्याळ काढा, तीन शब्द लक्षात ठेवा, या प्रश्नांचं तिला फारसं भय नव्हतं. भय होतं ते शेवटच्या प्रश्नाचं. डॉक्टरांची एक पद्धत होती, दाराशी नावं लिहून घेणाऱ्या बाईंनीच ती सांगितली होती. शेवटचा प्रश्न ते माणसाच्या धंद्यातला विचारत. शिंप्याला बाहीचं कापड, ड्रायव्हरला गिअर. ते चुकलं, की आधीचं सगळं बरोबर येऊनही उपयोग नसे. गणिताच्या मास्तरांना ते काय विचारणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि मास्तर काय उत्तर देणार, हेही.

कारण बाबांना पाय मान्यच नव्हता. वर्तुळ काढताना कंपासात आपण त्रिज्या धरतो, मग परिघाला व्यासाने का भागायचं? त्रिज्येने भागा. येतो तो टाऊ, पायच्या बरोबर दुप्पट, सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश. पूर्ण फेरी म्हणजे एक टाऊ, पाव फेरी म्हणजे पाव टाऊ. "पाव फेरीला अर्धा पाय म्हणायचं, हा काय व्यवहार झाला?" असं ते फळ्यावर खडू आपटून विचारत. पोरं त्यांना टाऊसर म्हणत. शिक्षकांच्या खोलीत सहकारी हात जोडत, "सर, तुमचे पाय धरतो, पण आमचा पाय सोडवू नका!" पाठ्यपुस्तक समितीपुढे ते दोन-तीनदा जाऊन आले. समितीने दर वेळी चहा पाजला आणि वाटेला लावलं. घरात मात्र टाऊचंच राज्य होतं. आईसुद्धा बरणी पुढे करून म्हणायची, "अहो, घट्ट बसलंय झाकण. जरा अर्धा टाऊ फिरवून द्या."

पुढे मुख्याध्यापकपद दारात आलं. संस्थेची अट एकच होती, वर्गातला टाऊ बंद. आईने रडून विनवलं. तेव्हाही बाबा असेच मांडीवर हात ठेवून बसले होते आणि शेवटपर्यंत बोलले नव्हते. पद दुसऱ्याला गेलं.

आज तेच मौन. धाकटीने ते ओळखलं आणि तिचा धीर सुटला. या माणसाने आईचं ऐकलं नाही, माझं काय ऐकणार?

आत बोलावणं आलं. तारीख एका दिवसाने चुकली. तीनपैकी दोन शब्द आठवले. घड्याळ ठीक आलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली.

"सर, आयुष्यभर गणित शिकवलंत. आता मलाही शिकवा. वर्तुळाचा परीघ काढायला कोणता आकडा लागतो?"

धाकटीने पर्सचा पट्टा मुठीत आवळला. बाबा ताठ बसले. वर्गात बसायचे तसे.

"पाय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तीन पूर्णांक चौदा शतांश."

"शाब्बास!" डॉक्टर हसले. "थोडंफार विसरणारच या वयात. पण पाया पक्का आहे. घरीच राहू द्या त्यांना. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

थोरल्याने सुटकेचा श्वास सोडला आणि बाहेर येताच वृद्धाश्रमाला फोन लावला. खोली नको, असं तो जरा मोठ्यानेच सांगत होता. धाकटीला मात्र रडू आवरेना. समितीपुढे न वाकलेला माणूस, आईच्या आसवांनी न वाकलेला माणूस, आज आपल्यासाठी वाकला. तिला आनंद झाला आणि त्याहून जास्त लाज वाटली. म्हातारपणी त्यांच्याकडून हेही वदवून घेतलं आपण.

जिन्याच्या तोंडाशी तिने बाबांचा हात धरला.

"बाबा, माझ्यासाठी टाऊ सोडलात. चुकलं माझं, मी सांगायलाच नको होतं. आता घरी गेल्यावर तुम्ही आपलं टाऊच म्हणा. कोणी काही बोलणार नाही."

बाबा थांबले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी बराच विचार केला. मग, उत्तर येत नाही हे कबूल करणाऱ्या पोरासारखे ओशाळे हसले.

"टाऊ? ते कुठल्या इयत्तेला असतं गं?"