परिशिष्ट तीन

डायलिसिसच्या खुर्चीने श्रीरंगच्या मनगटावरून उरलेलं आयुष्य मोजलं, चौदा महिने, आणि टोचलेली सुई परत ओढून घेतली.

"परिशिष्ट तीन. उरलेल्या आयुष्याचा अंदाज दोन वर्षांखाली असल्यास उपचार नाहीत," खुर्ची म्हणाली.

राज्यात सगळ्यांवर सरकारी खर्चाने उपचार करणारा हा कायदा त्याच्याच बायकोने, आमदार हेमांगीने, विधानसभेत मांडला होता. खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या तिने तिथूनच रणपिसेंना फोन लावला. श्रीरंगच्या या बालमित्रानेच मसुदा लिहिला होता.

"भाऊजी, हे कधी घुसडलंत?"

"शेवटच्या दिवशी, वहिनी. त्याशिवाय कायदा मंजूरच झाला नसता. कागद तुमच्यापुढेच ठेवला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सही करत म्हणालात, 'भाऊजी, तुम्ही लिहिलंय ना? मग वाचायचं कशाला!'"