गिरणीमागच्या गल्लीतलं पाणी

"पाणी येत नाहीये की कमी येतंय, मावशी?" तिने सवयीने विचारलं.

"जास्त येतंय गं," पलीकडून थकलेला आवाज आला. "उंबऱ्याला लागलंय."

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या फोनवर बसून बसून तिचं नावच हॅलोबाई पडलं होतं. पाणी नाही म्हणून तिने पोटभर शिव्या खाल्ल्या होत्या. जास्त झालं अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती, आणि तीही या दिवसांत! धरणाने तळ गाठला होता. शहराला दिवसाआड पाणी मिळत होतं, नळी लावून गाडी धुणाऱ्याला दंड होत होता, आणि एकही गळती शिल्लक ठेवायची नाही म्हणून साहेबांनी कंबर कसली होती.

"पत्ता सांगा."

"गिरणीमागची गल्ली. शेवटचं घर."

मोठी लाइन फुटली असणार. हॅलोबाईने लगेच कानसेनला पिटाळलं. कानसेन म्हणजे त्यांचा गळती शोधणारा. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायचा आणि तिला कान लावून जमिनीखालचं पाणी ऐकायचा. संध्याकाळी तो हात हलवत परत आला.

"शहरातल्या सगळ्या गिरण्या पालथ्या घातल्या, एकीच्याही मागे असली गल्ली नाही. कुणीतरी तुला मामा बनवतंय."

पण दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन पुन्हा आला. मग रोजच यायला लागला. चेष्टा करणारा माणूस आधी "पोरी, जेवलीस का?" असं विचारत नाही. मावशी विचारायच्या, आणि मग पाणी कुठवर आलं ते सांगायच्या. आरडाओरडा नाही, वरपर्यंत जाण्याची धमकी नाही. हॅलोबाईला त्याचीच जास्त धास्ती वाटू लागली.

कार्यालयात मात्र आनंदीआनंद होता. लोक खरंच जपून वापरत होते, गळत्या बुजत होत्या, आणि नदीचं जे थोडंथोडकं पाणी येत होतं ते आता धरणात टिकत होतं. साहेब रोज सकाळी धरणावर जाऊन पातळी स्वतः बघून यायचे.

"आज धरणातला तो पडका चौथरा बुडाला!" ते दारातूनच ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॅलोबाईनेही वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"खाटेच्या पायांना लागलं गं," मावशी म्हणाल्या. "ह्यांना उठवत नाही. मी एकटी काय काय करू?"

"शेजाऱ्यांना हाक मारा ना!"

"त्यांच्याही घरात तीच गत आहे."

"मग घर सोडा, मावशी. सामानाचं मरू दे. निघा आधी!"

"निघा निघा असं सगळे म्हणाले गं. या, असं कुणीच म्हणालं नाही."

"माझ्याकडे या," हॅलोबाई बोलून गेली. तिने घरचा पत्ता सांगितला, नीट कळावा म्हणून परत सांगितला. "घरी सासूबाई आहेत आणि माझी छकुली आहे. सासूबाई तोंडाच्या फटकळ आहेत, पण दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत."

पलीकडून पाणी हलल्याचा आवाज आला.

"खरंच येऊ?"

"अहो, या म्हणतेय ना!"

मावशी रडायला लागल्या आणि फोन बंद झाला. हॅलोबाईने घरी कळवलं. "आपलं काय हॉटेल आहे?" सासूबाई करवादल्या, पण लगेच पाहुण्यांना चहात साखर चालते का ते विचारलं. हॅलोबाईला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

दुपारी कानसेन आला आणि तिच्यासमोर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ती गल्ली सापडली," तो म्हणाला. "वडिलांना विचारलं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. साहेब सांगतात ना, तो चौथरा? तो गिरणीचा. गल्ली त्याच्या मागेच आहे. धरणात."

"धरणात म्हणजे?"

"धरण भरलं तेव्हा बुडाली. आता आटल्यावर भिंती उघड्या पडल्या होत्या, त्या आपण पुन्हा बुडवतोय."

"आणि माणसं? माणसं कुठे गेली?"

"सगळं गाव उठलं. त्या गल्लीतलं कुणी उठलं नाही."

हॅलोबाईने घरी फोन लावला. बराच वेळ कुणी उचलेना. शेवटी सासूबाईंचा आवाज आला.

"बरं झालं, तूच केलास. आले गं तुझे पाहुणे. म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आली ती बाई! दोघंही नखशिखांत भिजलीत."

"आई, त्यांना आत घेऊ नका! छकुलीला घ्या आणि मागच्या दाराने—"

"आता सांगतेस होय? ते केव्हाच आत आलेत, छकुली त्यांची डोकी पुसतेय," सासूबाई म्हणाल्या. "पण अख्खी गल्ली बोलावलीस ते आधी सांगायचं नाही का? रस्त्याच्या टोकापर्यंत माणसंच माणसं उभी आहेत, आणि अगं, त्यांच्या मागोमाग पाणी येतंय."