मागच्या दाराचा कप

कप एकटाच निघाला, आणि तोही भलत्याच जागी. २००४चा उन्हाळा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या गिरणीगावात दीडशे वर्षांपूर्वीच्या कामगार-खाणावळीचं उत्खनन चाललं होतं. बाकीची भांडी स्वयंपाकघराच्या जमिनीखाली ठिकऱ्या होऊन सापडली. हा मात्र मागच्या दाराबाहेर, भिंतीतल्या बुजवलेल्या कोनाड्यात अख्खा बसला होता. अख्खा म्हणजे, कान तेवढा तुटलेला.

तीन दिवस सगळ्यांचं डोकं चक्रावलं होतं. कुत्र्याला पाणी ठेवायचा म्हणावं, तर कप लहान. गवंडी विसरून गेला म्हणावं, तर तुटक्या कानाची धार हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. म्हणजे घरात धड कप डझनभर असताना कोणीतरी वर्षानुवर्षं यातूनच पीत होतं. का बरं?

सुमेधा पुण्याहून पीएचडीला आलेली. एरवी बोलायला लागली की थांबायची नाही. आता मात्र ती कपापाशी जायची, उभी राहायची आणि परत यायची. हे काय आहे ते तिला पहिल्याच दिवशी वाटून गेलं होतं. पण इथे, अमेरिकेत, तसंच कसं असेल? आणि सांगायचं, तर कुठून कळलं हेही सांगावं लागणार. तिचा नुसता गोंधळ उडाला होता.

"यार, मी मिसलेनियसमध्ये टाकतो," यादी करणारा सिद्धेश वैतागून म्हणाला. "रिपोर्टमधून ड्रॉपच करू."

म्हणजे जी कोणी त्यातून प्यायली, तिची उरलीसुरली खूणही पुसली जाणार. सुमेधाला ते सहन होईना.

"थांब," ती म्हणाली आणि प्रोफेसर मार्गारेटकडे वळली. "हा कामाला येणाऱ्या बाईचा कप असणार. तिला घरातला कप द्यायचा नाही. तिने बाहेरच प्यायचं, आपला आपण विसळायचा आणि कोनाड्यात ठेवून जायचं."

आपली ही हुशार विद्यार्थिनी काय काय सोसून इथवर आली असेल, या विचाराने मार्गारेटचे डोळे भरून आले. तिने सुमेधाचा हात हातात घेतला.

"तुला असं प्यावं लागलं?"

नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मला नाही," सुमेधा म्हणाली. "आमच्याकडे भांडी घासायला यायच्या, त्या कांचनमावशींना. मी वरून ओतायचे."