काळी वायर

"छे, ही नाही चालायची," म्हणत मिस्त्रीने हातातली बारीक काळी वायर खोक्यात भिरकावली.

ताई व्हॅनच्या दाराशी उभी होती. नऊ वर्षांनी ती भावाच्या गॅरेजात आली होती, आणि तीही नाइलाजाने. तिच्या नवऱ्याला, म्हणजे मिस्त्रीच्या दाजींना, दुपारी मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं. पाच तासांचा रस्ता. श्वासाचं मशीन गाडीच्या बॅटरीवर चालवायचं आणि ते वाटेत बंद पडलं, तर माणूस हातचा जाणार.

"लवकर होईल ना रे?"

"होईल. पण मागे लागू नकोस." त्याने जाड वायरीचं वेटोळं उलगडलं. "मशीन पंधरा अँपियर ओढणार. लाल वायर सहा एमएमची, तर काळीपण सहाचीच. जेवढा करंट जातो, तेवढाच परत येतो. लोकांना वाटतं, अर्थिंगचं काय एवढं, बॉडीलाच तर जोडायचंय, लावा पडलेला तुकडा. मग बसा बोंबलत!"

"बाबा असंच म्हणायचे."

"बाबांनीच शिकवलं. दाजींनाही शिकवलं होतं." तो पान्हा शोधायच्या निमित्ताने गाडीखाली वाकला.

नऊ वर्षांपूर्वी तिघं इथेच काम करायचे. बाबा, दाजी आणि तो. एका गाडीत फ्रिज बसवला होता. लाल वायर जाड आणि काळी बारीक. फ्यूज जाड वायरीच्या हिशेबाचा, त्यामुळे तो उडालाच नाही. काळी वायर तापत गेली, गाडी पेटली आणि ड्रायव्हरचे दोन्ही हात भाजले. "कोणी लावली ही?" मिस्त्री ओरडला. दाजी म्हणाले, "मी." बस्स, एवढंच. ना खुलासा, ना माफी. त्याने चारचौघांत त्यांना नाही नाही ते सुनावलं आणि गॅरेजातून घालवून दिलं. बाबांनी त्या धक्क्याने अंथरूण धरलं, बोलणं टाकलं, सहा महिन्यांत गेले. तेही त्याने दाजींच्याच खात्यावर टाकलं. भाचीच्या लग्नालासुद्धा तो गेला नाही.

आता त्याने चासीवरचा रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं आणि बोल्ट आवळला. इंजिन सुरू केलं. मशीन घुरघुरायला लागलं. पाऊण तास ते तसंच चालू ठेवून त्याने काळी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. कुठेही गरम नव्हती.

"ने आता बिनधास्त," तो म्हणाला. मग चिंधीला हात पुसत बसला. चांगले पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"ताई, मी फार ताणलं गं. एवढा रागीट स्वभाव काय कामाचा? तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस आणि दाजी इतके आजारी आहेत हे मला पेट्रोल पंपावरच्या माणसाकडून कळावं! लाज वाटली मला."

"जाऊ दे रे."

"नाही, जाऊ दे कसं? माणसाच्या हातून चूक होते. त्यांना म्हणावं, माझ्या मनात आता काही नाही. मी त्यांना माफ केलं."

ताईने व्हॅनचं दार उघडलं होतं, ते पुन्हा लावलं.

"यांनी मला शपथ घातली होती," ती म्हणाली. "पण तू यांना माफ करायला निघालास, ते मला ऐकवत नाही. बाबांना शेवटी शेवटी जाड-बारीक दिसतच नव्हतं रे. यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. त्या गाडीची काळी वायर बाबांनी लावली होती."