सव्वीस वर्षांची काच

वाळूने गच्च भरलेले चार ट्रक पुलाच्या चढावर रांगेत उभे होते आणि खाली सावलीत बसलेला मिस्त्री ते पुन्हा पुन्हा मोजत होता. निवृत्त होऊन त्याला सव्वा वर्ष झालं होतं. आज मोठ्या साहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास हातात दिला. बापाने जन्मभर सांभाळलेल्या पुलाची परीक्षा लेकीने घ्यायची, हा योग साहेबांना फारच आवडला होता.

लेक रुळांच्या कडेला दुसऱ्या खांबापाशी उभी होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात फाइल, काखेत लाल झेंडा. खालच्या रेल्वेगाड्या चाळीस मिनिटांपुरत्या थांबवल्या होत्या. वर वजन चढतं तेव्हा चाचणीच्या कागदावर ज्याची सही असेल त्याने कमानीखाली उभं राहायचं, अशी खात्याची जुनी रीत. यावेळी सही तिची होती.

चाचणीआधी पुलाचा इतिहास सगळ्यांसमोर वाचायचा असतो. तिने तो खणखणीत आवाजात वाचला. पूल बांधला तेव्हा वरून घोडागाड्या जायच्या. मोटारी वाढल्या तशी दगडी पुलाला एका अंगाने सिमेंटची नवी बाजू जोडली. मग बस आली. आणि बसपाठोपाठ, जिथे जुनं नव्याला जोडलं होतं तिथेच, दुसऱ्या खांबावर हातभर लांब भेग दिसली.

"भेगेवर आडवी काचपट्टी बसवण्यात आली," ती वाचत होती. "भेग जराशी जरी सरकली असती, तरी काच तडकली असती. सव्वीस वर्षं तीच काच शाबूत आहे. म्हणजे भेग मेलेली आहे. सबब चारही ट्रक एकदम चढवायला हरकत नाही."

"डोळ्यांत तेल घालून सांभाळली हो मिस्त्रींनी!" साहेब म्हणाले. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मिस्त्रीने हातातला ग्लास फिरवला. तीच काच म्हणे! ती नववी होती. पहिली तडकली तेव्हा त्याला वाटलं, आपल्याच थापीचा धक्का लागला असणार. साहेबांची बोलणी कोण खाणार? त्याने गुपचूप दुसरी लावली आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने जुनीच तारीख कोरली. वर चहाचं पाणी फासलं, की चार दिवसांत सिमेंट जुनं दिसतं. दुसरी तडकली तेव्हा थापी जवळपासही नव्हती. पण तिचं सांगायचं तर पहिलीचंही सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्याने तिसरी लावली. मग चौथी. नववी लावली ती निवृत्तीच्या आठवड्यात. ती निदान आपण जाईपर्यंत टिकू दे, एवढंच मागणं त्याने मागितलं होतं.

गेले चार दिवस तो लेकीला हे सांगायला तोंड उघडत होता आणि आज भाजीत मीठ कमी पडलंय असं काहीतरी बोलून मिटत होता. ट्रक एकेक करून चढवतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. चारही एकदम चढवणार, हे त्याला आत्ता कळलं. आणि तेही त्याच्याच काचेच्या भरवशावर.

पहिल्या ट्रकने गुरगुरत गिअर टाकला. लेकीने फाइल मिटली आणि ती कमानीखाली जाऊन उभी राहिली.

"थांबा! थांबवा ते!"

हातातला ग्लास कुठे पडला, हे त्याला कळलं नाही. रुळांमधल्या खडीवरून ठेचकाळत तो धावला.

"बाबा, इकडे येऊ नका! नियम आहे."

"काच खोटी आहे."

"काय?"

"नववी आहे ती. तारीख मीच कोरायचो, जुनी. भेग जिवंत आहे गं. तू आधी बाहेर ये!"

लाल झेंडा उंचावून तिने वरच्या माणसाला हाक मारली. ट्रकची पुढची चाकं पुलावर आलीच होती. ट्रक थांबला आणि हळूहळू मागे गेला.

"अहो मिस्त्री, हे आता सांगताय?" साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. "वरातीमागून घोडं!" पुलाची दोन्ही तोंडं बंद करा, आत्ताच्या आत्ता बंद करा, असं फोनवर ओरडत ते जिन्याकडे पळाले.

खांबापाशी बाप-लेक दोघंच उरले. तिने ओरडावं, वाटेल ते बोलावं, म्हणून तो मान खाली घालून उभा होता. ती ओरडली नाही. सिमेंटवर कोरलेल्या तारखेवरून तिने बोट फिरवलं.

"मला शाळेत घातलं, तेच हे वर्ष."

तिने बोट तारखेवरच ठेवलं.

"तुम्ही मला पुलावरून एकदाही नेलं नाहीत, बाबा. रोज लांबच्या फाटकावरून न्यायचात. अर्धा तास जास्त चालवायचात. म्हणायचात, चल, तुला गाड्या दाखवतो."

"तुला आवडायच्या गाड्या," तो कसाबसा म्हणाला.

"आवडायच्या." तिने हेल्मेट काढलं. "पण वर्गातली बाकीची सगळी मुलं पुलावरूनच यायची."